एक सिद्धांत, चार आठवडे: ख्रिस्ती शिकवण नीट समजून रोजच्या विश्वासात कशी आणायची

बायबल स्टडीत बसणाऱ्या बऱ्याच जणांचं असं होतं की वचन वाचून झालं की पाचव्या मिनिटाला 'यातून मला काय मिळालं' सुरू होतं. वचन काय म्हणतंय हे अजून कोणी नीट बघितलेलंही नसतं आणि आपण लागू करायला लागतो. दुसरीकडे काही जण अगदी उलटे, त्यांना त्रैक्य (एकच देव: पिता, पुत्र, आत्मा), नीतिमान ठरणं (देवासमोर निर्दोष गणलं जाणं), पवित्रीकरण (हळूहळू पवित्र होत जाणं) सगळ्याच्या व्याख्या पाठ, ग्रुपवर तासन्तास वाद घालतील, पण घरात कोणाशी सहा महिने बोलणं नाही आणि त्या व्याख्येचा त्या अबोल्याशी काही संबंध आहे हे डोक्यातच येत नाही. मला विचाराल तर दोघांचीही चूक एकच आहे, क्रम चुकतोय. पहिले लोक मधल्या पायऱ्या गाळतात आणि दुसरे मधेच थांबतात.

खाली जो क्रम देतोय तो एका सिद्धांतासाठी चार आठवड्यांचा आहे, आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, 'कृपेने तारण' (म्हणजे पापातून सुटका आपल्या लायकीने नाही, देवाच्या फुकट दयेने), कारण हा विषय सगळ्यात जास्त ऐकलेला आणि सगळ्यात जास्त अर्धवट समजलेला आहे.

सुरू करायच्या आधीची तयारी

आधी विषय प्रश्नाच्या रूपात लिहा. नुसतं 'कृपा' असं लिहून बसलात तर दोन दिवसांत भरकटाल. 'माझं तारण कृपेनेच झालंय तर मग मी चांगलं का वागायचं?' असा खरा, टोचणारा प्रश्न हवा, जो तुम्हाला खरोखर पडलाय आणि कोणासमोर विचारायला थोडं अवघडल्यासारखं होतं असा.

जवळ ठेवायच्या गोष्टी: बायबलची दोन भाषांतरं (एक जुन्या वळणाचं, एक सोप्या भाषेतलं), शब्दसूची किंवा शब्द शोधता येईल असं अ‍ॅप, कागदाची वही, आणि प्रेषितांचा मतांगीकार व नायसियाचा मतांगीकार (ख्रिस्ती विश्वास थोडक्यात सांगणारी चर्चची जुनी निवेदनं) यांची एक प्रत. कॉमेंटरी (बायबलवरचं टीकापुस्तक) असेल तर बाजूला ठेवा, ती तिसऱ्या आठवड्याआधी उघडायची नाही.

वहीचं पहिलं पान फार महत्त्वाचं आहे. काहीही न वाचता त्यावर आजची तारीख टाका आणि त्या प्रश्नाचं तुम्हाला आत्ता जे उत्तर वाटतं ते लिहा. जे खरंच वाटतं तेच लिहा, रविवारी बोलतो ते नको. खाली अजून एक ओळ, 'उत्तर काय निघावं असं मला मनातून वाटतंय?' ही ओळ लोक टाळतात, आणि मग चार आठवडे अभ्यास करून आपल्याला हवं होतं तेच वचनातून काढून आणतात.

रोज बसताना प्रार्थना करा, लांब नको. स्तोत्र 119:18 मध्ये नियमशास्त्रातल्या अद्भुत गोष्टी दिसाव्यात म्हणून डोळे उघडण्याची जी विनंती आहे तेवढी पुरे.

*चेक:* प्रश्न एका वाक्यात आहे का? त्यात दोन प्रश्न घुसले असतील तर एक पुढच्या महिन्यासाठी ठेवा.

1. एकच मुख्य उतारा घ्या आणि तो पूर्ण वाचा

आपल्या उदाहरणासाठी इफिसकरांस पत्र 2:1-10. बहुतेकांना 8 आणि 9 पाठ असतात, भिंतीवर पण तेवढंच लावलेलं असतं, आणि 10 वं वचन कायम सुटतं. लक्षात ठेवा की वचनांचे आकडे हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने टाकलेले नाहीत, नव्या कराराला आज आपण वापरतो ते वचनांचे आकडे 1551 मध्ये रोबेर एस्तियेन या छापखानेवाल्याने दिले. म्हणजे आकडा संपला म्हणून विचार संपला असं होत नाही.

पहिले दोन दिवस पूर्ण पत्र वाचा, एकदा तरी मोठ्याने. सहा अध्याय आहेत, जास्तीत जास्त अर्धा तास लागतो. मग आपल्या दहा वचनांवर या आणि वहीत मधे रेघ मारून दोन रकाने करा, एका बाजूला 'देवाने काय केलं', दुसऱ्या बाजूला 'माणसाने काय केलं'. क्रियापदं शोधून शोधून भरा. देवाच्या बाजूला येतं: प्रीती केली, जिवंत केलं, उठवलं, ख्रिस्ताबरोबर बसवलं. माणसाच्या बाजूला येतं: मेलेले होतो, जगाच्या रीतीने चालत होतो, देहाच्या वासनांप्रमाणे वागत होतो. चौथ्या वचनाशी येऊन 'पण देव' असं वळण येतं, आणि तिथपासून रकाना बदलतो. हे स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय जाणवत नाही, मी सांगून उपयोग नाही.

आता खरी गंमत 8 ते 10 मध्ये आहे. आपल्या मराठीत ती तीन छोट्या जोडांमध्ये बसलीय: कृपेने, विश्वासाच्या द्वारे, सत्कृत्यं करण्यासाठी. 'ने' सांगतं तारण कशामुळे झालं, 'द्वारे' सांगतं ते माझ्यापर्यंत कुठल्या वाटेने आलं, 'साठी' सांगतं ते कुठे घेऊन चाललंय. आता या तीन जोडांची अदलाबदल करून बघा. 'सत्कृत्यांनी, कृपेसाठी' असं केलं की जे वाक्य तयार होतं ते कागदावर चुकीचं दिसतं, पण आपल्यातले कितीतरी जण आठवडाभर नेमकं तेच वाक्य जगत असतात, चांगलं वागू म्हणजे देव कृपा करेल. आणि 'साठी' गाळलं तर दुसरी चूक, कृपा मिळाली, आता काही करायचंच नाही. सुरुवातीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

*सावधान:* या आठवड्यात 'मला काय लागू होतं' हा प्रश्न वहीत लिहायचा नाही. मनात आला तर येऊ द्या, पण लिहू नका.

2. आपल्या मताच्या विरुद्ध वाटणारं वचन मुद्दाम शोधा

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. शब्दसूची उघडून 'कृपा' शब्दाची वीस वचनं काढतात, सगळी एका सुरातली, आणि वाटतं अभ्यास झाला. आपल्याला सोयीची नसलेली वचनं समोर ठेवल्याशिवाय सिद्धांत तयार होत नाही.

आपल्या विषयात ते वचन म्हणजे याकोबाचं पत्र 2:24, मनुष्य कृत्यांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. आणि रोमकरांस पत्र 3:28 म्हणतं, नियमशास्त्राच्या कृत्यांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. दोन्ही समोरासमोर लिहा आणि लगेच जुळवायची घाई करू नका. एक दिवस तसंच राहू द्या.

मग बघा, दोघेही अब्राहामाचं उदाहरण देतात, दोघेही उत्पत्ति 15:6 वापरतात, की अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असं गणलं गेलं. पण पौल रोमकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायात विचारतो की हे कधी झालं, सुंतेच्या आधी की नंतर? आधी, सुंता उत्पत्तिच्या 17 व्या अध्यायात येते. याकोब मात्र इसहाकाला वेदीवर ठेवलं त्या प्रसंगाकडे बघतोय, म्हणजे 22 वा अध्याय. आता हिशोब करा: इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम 86 वर्षांचा, इसहाक झाला तेव्हा 100, आणि 15 वा अध्याय या दोन्हीच्या आधीचा. आणि 22 व्या अध्यायात तर इसहाक लाकडं पाठीवर वाहून नेण्याएवढा झालाय. म्हणजे दोन प्रसंगांच्या मधे कितीतरी वर्षं आहेत. पौल सांगतोय नातं कशावर सुरू झालं, याकोब सांगतोय तो विश्वास जिवंत होता हे इतक्या वर्षांनी कशावरून दिसलं.

शिवाय दोघांच्या समोरचे लोक वेगळे. याकोब 2:19 मध्ये म्हणतो की देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. म्हणजे इथे ज्या 'विश्वासा'वर तो टीका करतोय तो नुसता मान्य करण्याचा विश्वास आहे. पौल ज्याला विश्वास म्हणतो तो स्वतःला टाकून देण्याचा. शब्द एक, वजन वेगळं.

*सावधान:* अ‍ॅपमध्ये शब्द शोधून आलेली यादी म्हणजे त्या विषयाची शिकवण नव्हे. प्रत्येक वचनाच्या आधीची पाच आणि नंतरची पाच वचनं वाचल्याशिवाय ते वहीत घ्यायचं नाही. फिलिप्पैकरांस पत्र 4:13 चं काय झालंय बघा, 'मला सर्व काही शक्य आहे' म्हणून परीक्षेला जाताना म्हणतात, पण पौल तुरुंगातून लिहितोय आणि वरच्या दोन वचनांत भुकेलं राहायला आणि भरल्या पोटी राहायला दोन्ही शिकलो असं सांगतोय. यिर्मया 29:11 पण तसंच, तिथलं चांगल्या भविष्याचं आश्वासन सगळे उचलतात, पण त्याच्या आधीच्याच वचनात 70 वर्षं बाबेलमध्ये राहावं लागेल असं लिहिलंय.

*चेक:* वहीत निदान एक तरी वचन असं आहे का जे वाचून तुम्हाला अजूनही थोडं अस्वस्थ वाटतं? नसेल तर पुढे जाऊ नका.

3. आता मंडळीने (म्हणजे चर्चने) काय म्हटलंय ते बघा

तिसऱ्या आठवड्यात मतांगीकार, तुमच्या मंडळीचं विश्वासाचं निवेदन आणि कॉमेंटरी उघडा. तुम्ही एकटे बसून काढलेलं उत्तर मंडळीच्या सामायिक विश्वासाशी पडताळायचं. एखाद्या गोष्टीत तुम्हाला असं काही सापडलं जे आजवर कोणालाच सापडलं नाही, तर बहुतेक वेळा तुमचं वाचन चुकलेलं असतं.

इथे तीन कप्पे करा. पहिल्या कप्प्यात जे सगळ्या ख्रिस्ती मंडळ्या कबूल करतात, म्हणजे नायसियाच्या मतांगीकारात (325 आणि 381) जे आहे ते. दुसऱ्यात जिथे मंडळ्या-मंडळ्यांमध्ये खरा फरक आहे, उदाहरणार्थ बाप्तिस्मा कोणाला द्यायचा. तिसऱ्यात वैयक्तिक मतं, ज्यांच्याबद्दल रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय सांगतो की एकमेकांना दोषी ठरवू नका.

नीतिमान ठरण्याच्या विषयात तर हे कप्पे नीट लावणं फार गरजेचं आहे, कारण या एका मुद्द्यावर पश्चिमेकडची मंडळी फुटली होती. 31 ऑक्टोबर 1999 ला लुथरन वर्ल्ड फेडरेशन (मार्टिन लुथरच्या परंपरेतल्या मंडळ्यांचा संघ) आणि रोमन कॅथलिक चर्चने यावर एका संयुक्त जाहीरनाम्यावर सही केली, त्यात मूळ गाभ्याबद्दल एकमत आहे आणि काय अजून वेगळं राहिलंय तेही लिहिलंय. समोरच्या मंडळीबद्दल 'ते तर असं मानतात' असं बोलायच्या आधी ते स्वतः काय म्हणतात ते वाचा, आपण ऐकीव गोष्टींवर फार बोलतो.

4. तीन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा

पहिली ओळ, हे काय आहे. दुसरी ओळ, हे काय नाही. तिसरी ओळ, हे खोटं असतं तर माझं काय हरवलं असतं.

दुसऱ्या ओळीवर वेळ घालवा. 451 मध्ये कॅल्सेडॉनच्या परिषदेत ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी स्वभावाबद्दल लिहिताना चार 'नाही' वापरले: मिसळून न जाता, न बदलता, न विभागता, वेगळं न होता. गूढ उलगडून टाकायचा प्रयत्नच नाही, फक्त वाट कुठे कुठे सुटते तिथे चार कुंपणं घातली. आपणही तेच करायचं. आमच्या उदाहरणात: 'तारण ही देवाची भेट आहे, ख्रिस्तात, विश्वासाच्या हाताने घ्यायची. ही माझ्या चांगुलपणाची मजुरी नाही आणि चांगुलपणातून सूटही नाही. हे खोटं असतं तर प्रत्येक वाईट दिवसानंतर मला देवाशी नव्याने नातं कमवावं लागलं असतं.'

*सावधान:* उपमेवर सिद्धांत उभा करू नका. त्रैक्यासाठी पाणी, बर्फ, वाफ ही उपमा मुलांना शिकवताना सर्रास वापरतात, पण त्यातून निघतं काय, की एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी आत्मा असं रूप बदलतो. ही शिकवण मंडळीने फार पूर्वीच नाकारलेली आहे. मत्तय 3:16-17 समोर ठेवा, पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा उतरतोय, पित्याची वाणी होतेय, तिन्ही एकाच वेळी. उपमा तिथेच मोडते.

5. 'म्हणून' शोधा, स्वतः बनवू नका

सिद्धांत आणि रोजचं जगणं यांच्यातला पूल आपल्याला बांधायचा नसतो, तो शास्त्रात आधीच बांधलेला आहे. इफिसकरांस पत्राचे पहिले तीन अध्याय देवाने काय केलं ते सांगतात, आणि 4:1 ला 'म्हणून' येतं, तिथून पुढे राग, चोरी, बोलणं, नवरा-बायको, मुलं, मालक-नोकर. रोमकरांस पत्रात हे वळण 12:1 ला येतं, अकरा अध्याय झाल्यावर.

पौल सिद्धांत कुठे कुठे वापरतो ते बघून मला दरवेळी आश्चर्य वाटतं. ख्रिस्ताने देवपण धरून न ठेवता दासाचं रूप घेतलं (फिलिप्पैकरांस पत्र 2), हे एवढं उंच वचन कशासाठी आलंय, तर मंडळीतल्या लोकांनी एकमेकांना आपल्यापेक्षा श्रेष्ठ मानावं म्हणून, आणि त्याच पत्राच्या 4 थ्या अध्यायात दोन बायकांना, युवदीया आणि सुंतुखे, नाव घेऊन एक व्हा म्हणून विनवलंय. तो धनवान असता आपल्याकरता दरिद्री झाला (2 करिंथकरांस पत्र 8:9) हे कुठे येतं, तर गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना. पुनरुत्थानाचा तो मोठा अध्याय, 1 करिंथकरांस पत्र 15, संपतो कुठे, तर तुमचे श्रम व्यर्थ नाहीत यावर.

तर तुमच्या सिद्धांतासाठी असे दोन-तीन 'म्हणून' शोधा. कृपेचा एक तीत 2:11-12 मध्ये आहे, कृपा आपल्याला 'नाही' म्हणायला शिकवते. दुसरा मत्तय 18 मधल्या दृष्टांतात. त्यात राजा एका दासाचं प्रचंड कर्ज माफ करतो, पण तो दास आपल्या सोबतीच्या दासाचं त्याहून लहान कर्ज सोडत नाही. त्याच्यावर जरा थांबा, कारण तो घाईत वाचला जातो. एक दिनार म्हणजे एका मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार. त्या दासाला माफ झालेलं कर्ज 10,000 तालांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, सात जन्मात न फिटणारं. पण त्याच्या सोबतीच्या दासाचं कर्ज 100 दिनार होतं, आणि तेही काही किरकोळ नाही, शंभर दिवसांची कमाई आहे. म्हणजे येशू असं म्हणत नाही की तुझं नुकसान झालंच नाही. खरं नुकसान झालंय, मोठं झालंय, आणि तरी सोड. क्षमा करायची म्हणजे 'जाऊ दे, काही नाही झालं' असं म्हणायचं असं ज्यांना वाटतं आणि म्हणून जे क्षमा करूच शकत नाहीत त्यांनी हा हिशोब वहीत मांडावा.

6. आठवड्यात एकच कृती

'मी जास्त प्रेमळ होईन' ही कृती नव्हे. दिवस, वेळ, माणूस ठरलेला हवा. कृपेसाठी मी सुचवेन अशी एक: ज्या दिवशी तुम्ही रागावलात, खोटं बोललात, आणि आज प्रार्थनेला कुठल्या तोंडाने बसू असं वाटतंय, नेमक्या त्याच रात्री बसा. आधी दोन दिवस नीट वागून मग बसतो असं नाही. कबूल करा, क्षमा घ्या, आणि ज्याच्याशी खोटं बोललात त्याला सकाळी खरं सांगा. 'ने' आणि 'साठी' दोन्ही एका रात्रीत येतात.

*चेक:* कृती न करताही तुम्हाला देव तितकाच आपला वाटतोय ना? नसेल तर कृती परत मजुरी झालीय, स्टेप 1 चे रकाने पुन्हा वाचा.

7. दुसऱ्याला सांगायच्या आधी थांबा

हे मी स्वतःच्या चुकीतून लिहितोय. एका घरात मृत्यू झाला होता आणि मी दुसऱ्याच दिवशी जाऊन रोमकरांस पत्र 8:28 सांगितलं, सगळं मिळून कल्याणकारक होतं. वचन खरं होतं. त्या बाईंनी मान हलवली आणि नंतर कितीतरी महिने माझ्याशी बोलणं टाळलं. नंतर मी 29 वं वचन वाचलं, जिथे ते 'कल्याण' म्हणजे काय ते लिहिलंय, पुत्राच्या प्रतिमेसारखं होणं, आणि कळलं की मी ते वचन स्वतःसुद्धा अर्धंच समजलो होतो.

योहान 11 उघडा, तिथे मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर नुकताच मेलेला आहे. मार्था आणि मरीया दोघी येशूला एकच वाक्य म्हणतात, 'प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता.' मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो, 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे' हे तिला सांगितलेलं आहे. मरीयेला तो शिकवण देत नाही, तो रडतो. वाक्य तेच, भाऊ तोच, वेळही जवळजवळ तीच, आणि उत्तरं दोन. सगळं गमावून दुःखात बसलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस सात रात्री गप्प बसले होते तोवर बरे होते.

समोरच्याने विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर बसा, चार कामं करा.

8. शेवटच्या दिवशी पहिलं पान उघडा

चार आठवड्यांपूर्वी लिहिलेलं आणि आत्ता लिहिलेल्या तीन ओळी शेजारी ठेवा. जे बदललं त्याखाली रेघ मारा. जे सुटलं नाही ते तारखेसकट वेगळ्या पानावर उतरवा आणि पाळकांकडे न्या, पण रिकाम्या हाताने 'याचा अर्थ काय' असं विचारू नका. मुख्य उतारा, विरुद्ध वाटणारं वचन, आणि तुमच्या तीन ओळी, एवढं घेऊन जा, म्हणजे त्यांना नेमकी गाठ कुठे बसलीय ते दिसेल.

पुढचा विषय घेताना कृपेनंतर 'ख्रिस्त कोण' घ्या, मग त्रैक्य, मग मंडळी आणि प्रभुभोजन. शेवटच्या काळाबद्दलची शिकवण बरेच जण सगळ्यात आधी उचलतात, ती निदान या चारांनंतर ठेवा, कारण प्रकटीकरणाचं पुस्तक जुन्या करारातल्या प्रतिमांनी भरलेलं आहे आणि दानीएल, यहेज्केल, जखऱ्या न वाचता तिथे गेलात तर विरुद्ध वाटणारं वचन कुठलं हेसुद्धा ओळखता येणार नाही.